गुडघा, डोकं आणि नऊ लाख

पुणे

चि. बाळास,


कबड्डी लीगच्या लिलावात ड गटाच्या मूळ किमतीला, ९ लाखांना, तुला संघानं घेतलं हे कळल्यावर मला किती आनंद झाला ते फोनवर बोललेच आहे. त्याच रात्री तुझ्या आईचा फोन आला. ‘वन्सं, तुमचं ऐकतो तो. पोलीस भरतीचं बघ म्हणावं. हे हातपाय मोडून घ्यायचं काम नको.’ दादाशी बोलले तर तो पाऊसपाण्याचंच बोलत राहिला. सोसायटीचं कर्ज आणि तुझ्या ताईचं लग्न त्याच्या डोक्यात आहे, पण आपण जा म्हणायचं आणि उद्या पोराला काही झालं तर, हा घोरही त्याला लागलाय. दोघांनी न ठरवता तुझ्याशी बोलायचं काम माझ्याकडे सोपवलंय.

मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. मंडळाच्या मैदानावर तू लहानपणापासून घाम गाळलास तो याच दिवसासाठी, आणि वाळवा तालुक्यातल्या किती पोरांच्या वाट्याला हा दिवस येतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण रोज सकाळी माझ्या फिजिओच्या टेबलावर गुडघे येतात, खांदे येतात, आणि त्यातले बरेच तुझ्याच वयाच्या खेळाडूंचे असतात. म्हणून तू काय विकतोयस आणि काय अजिबात विकायचं नाही, एवढं मला तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

तुझ्या आईला वाटतं, घरी राहिलास तर सुरक्षित राहशील. हे मला पटत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजण तरी गेले. आपला दादा आजही तोंडाला रुमाल बांधून अनवाणी फवारतो. रात्री वीज आली की उसाला पाणी पाजायला बांधावरून जातो, पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात दिसलं तर दिसलं. त्या धोक्याचा त्याला कधी एक रुपया मिळालेला नाही. तुझ्या धोक्याला निदान कुणीतरी किंमत देतंय. कष्टाच्या आणि जोखमीच्या कामाला जास्त मजुरी द्यावी लागते, हे ॲडम स्मिथनं १७७६ साली लिहून ठेवलं. त्याच पुस्तकात त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. पोरं ज्या वयात धंदा निवडतात, नेमकं त्याच वयात त्यांना धोक्याची पर्वा सगळ्यात कमी असते आणि नशिबावरचा भरवसा सगळ्यात जास्त. तू बावीस वर्षांचा आहेस. हे तुझ्याबद्दलच आहे असं समजून वाच.

आता हे ९ लाख कशाचे? संघानं ते तुझ्या एका हंगामाच्या चढायांसाठी मोजलेत. तुझ्या गुडघ्याची किंमत त्यात कुणी धरलेली नाही. लिलावाच्या टेबलावर बसलेल्यांना ती धरायची गरज नसते, कारण चाळिसाव्या वर्षी तो गुडघा त्यांच्याकडे नसेल, तुझ्याकडे असेल. त्यामुळे हा हिशेब तुलाच करायचा आहे.

माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. पोरगा उताणा झोपतो. मी त्याचा गुडघा थोडासा वाकवते, एका हातानं मांडी पक्की धरते आणि दुसऱ्या हातानं नडगी वर, माझ्याकडे ओढते. गुडघा धडधाकट असेल तर हाड जरासं हलतं आणि एका जागी ठाम अडतं. आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटलेला असेल तर ते सरकत पुढे येतं आणि अडतच नाही. एमआरआय नंतर होतो, हाताला आधीच कळलेलं असतं. पोरगा तेवढा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. मग ऑपरेशन. त्याच्याच मांडीच्या मागच्या शिरेचा किंवा वाटीखालच्या शिरेचा तुकडा काढून आत नवा बंध घालतात. दुसऱ्या दिवशी मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि सांगते, ही खाली दाब. दाबता येत नाही. ज्या मांडीच्या जोरावर त्यानं तिघांना ओढत मध्यरेषा गाठलेली असते, ती मांडी दोन बोटं हलवायला तयार नसते. काही आठवड्यांत ती डोळ्यांदेखत बारीक होते. तिथून मैदानापर्यंत किमान नऊ महिने. त्याआधी घाईनं परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय.

आणि सगळं नीट झालं तरीही. एसीएल तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या गुडघ्यात दहा ते वीस वर्षांत झीज दिसू लागते. माझ्याकडे एक जुने कबड्डीपटू येतात, वय चाळीसच्या थोडं पुढे. त्यांच्या काळी लीग नव्हती, ते मातीवर खेळले आणि खेळाच्या जागेतून नोकरीला लागले. गावच्या जत्रेत ते पंगतीला बसत नाहीत, खुर्ची मागवतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पाहुण्यांकडे मुक्काम करत नाहीत. मी त्यांना विचारलं, पुन्हा खेळाल का? ते लगेच हो म्हणाले. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही, कारण ते खरं बोलत होते. पण त्यांच्याकडे पगार आहे, पुढे पेन्शन आहे, आणि गुडघ्याचा खर्च नोकरीतून निघाला. त्यांच्या ‘हो’मागे तो आधार आहे.

मातीचा विषय निघाला म्हणून सांगते. मातीत पाय घसरतो, आणि घसरणं पुष्कळदा वाचवतं. मॅटवर बूट जागेवर धरतो. पाय रोवलेला, अंग वळलेलं, त्यात कोपऱ्यातल्यानं चवडा धरलेला आणि मधल्यानं बाजूनं धडक दिलेली. हा पीळ सगळा गुडघ्यात जातो. तू अजूनही मातीवरच्या सवयीनं वळतोस, मी तुझे व्हिडिओ बघितलेत. वळताना टाच उचलायची सवय प्रशिक्षकांकडून लावून घे. हंगामाआधीच्या शिबिरात उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरायचं शिकवतात, तो भाग कंटाळवाणा वाटला तरी चुकवू नकोस. एसीएल वाचवायला जे काही खरोखर उपयोगी पडतं त्यात हे व्यायाम फार वर आहेत.

तू म्हणशील, पवन सेहरावत बघ की. बघ, जरूर बघ. २०२२च्या लिलावात त्याला तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं, तोवरची सगळ्यात मोठी बोली. पहिल्याच सामन्यात, पकड करायला गेला आणि गुडघा गेला. तो हंगाम तिथंच संपला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला २ कोटी ६० लाखांहून जास्त दिले आणि हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारतानं सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता. हे त्याच्या मेहनतीचं फळ आहे, त्यात शंका नाही. पण तो पडला तेव्हा देशातला पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू होता, आणि तो परत येईपर्यंत थांबायला सगळे तयार होते. ड गटातला पोरगा पहिल्या सामन्यात पडला तर त्याच्यासाठी कोण थांबतं? टीव्हीवर परत आलेले दिसतात. जे परत आले नाहीत ते माझ्या दवाखान्याच्या बाकावर दिसतात. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, चंदगडचा सिद्धार्थ देसाई घे. पहिल्या हंगामात ३६ लाखांवर घेतलेला पोरगा पुढच्या वर्षी १ कोटी ४५ लाखांना गेला, गावागावांत त्याची पोस्टरं लागली. मग खांद्याची दुखापत आणि एक हंगाम जवळजवळ पूर्ण हातचा गेला. किंमत एका वर्षात चौपट होते, हे खरंच आहे. ज्या खांद्यामुळे ती होते, तो एका पकडीत निखळतो.

हे सगळं गुडघ्याचं आणि खांद्याचं. यात तू जोखीम घेतलीस तर मी तुझ्या पाठीशी उभी राहीन. डोक्याचं वेगळं आहे, आणि हे पत्र मी मुख्यतः त्यासाठी लिहितेय.

गुडघा गेला तरी पुढे खेळायचं की थांबायचं हे ठरवणारा तू शाबूत असतोस. डोक्याला मार लागला की ज्या तराजूत नफा-नुकसान तोलायचं, तो तराजूच बिघडतो. विसराळूपणा, चिडचिड, झोप उडणं, घरच्यांवर हात उगारणं, हे सगळं वर्षांनंतर येतं आणि ज्याला होतं त्यालाच शेवटी कळतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये माइक वेब्स्टर नावाचा मोठा खेळाडू होता, चार वेळा सुपर बोल जिंकलेला. निवृत्तीनंतर त्याचं सगळं विस्कटलं, तो गाडीत राहू लागला आणि २००२ साली वयाच्या पन्नाशीत गेला. बेनेट ओमालू या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणारा सीटीई हा आजार त्यात सापडला. पुढे २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये तो होता. ते मेंदू मुख्यतः ज्यांना आधीच त्रास होता अशांच्या कुटुंबीयांनी दिलेले होते, म्हणून प्रत्येक खेळाडूला तो होतो असं कुणी समजू नये. कबड्डीत त्या खेळासारखी दर डावाला डोकी आपटतही नाहीत. पण चवडा धरायला झेपावलेल्या कोपरारक्षकाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसतो, हे तू शेकडो वेळा पाहिलंयस. साखळीत दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. गावात आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, ‘काय झालं नाही रे’ म्हणतो आणि पुढच्या चढाईला उभं करतो.

हे तुझ्या बाबतीत एकदाही व्हायला नको. डोक्याला मार लागला की बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. गुणफलक आठवत नाही, उत्तर द्यायला वेळ लागतो, उजेड सहन होत नाही, मळमळतं, डोकं जड वाटतं, यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी खेळ बंद. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी बंद. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात जीवही जाऊ शकतो. त्यानंतर चालणं, धावणं, सराव, अंगाला अंग लावून सराव आणि मग सामना, अशा पायऱ्यांनी परतायचं, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत आला की एक पायरी मागे. क्रिकेटमध्ये २०१४ साली फिल ह्यूजेस या खेळाडूचा मार लागून जीव गेला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. तरी आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घ्यायचा नियम यायला २०१९ उजाडलं. कबड्डीत तर बदली खेळाडू बाकावर तयारच बसलेले असतात. तू बाहेर आलास म्हणून संघ सहा जणांवर येत नाही.

हे आत्ता वाचताना तुला सोपं वाटेल. त्या क्षणी ते सोपं नसतं. उपान्त्य सामना असेल, दोन गुणांचा फरक असेल, संघमालक समोर बसलेले असतील, आणि तुला स्वतःला कुणाहीपेक्षा जास्त खेळायचं असेल. माझ्याकडे आलेल्या पोरांना जोर करून मैदानात ढकललेलं मी फार कमी पाहिलंय. बहुतेक सगळे स्वतःच ‘मी ठीक आहे’ म्हणालेले असतात. धोका स्वीकारायचा निर्णय करारावर सही करताना एकदाच होतो असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तो प्रत्येक दुखापतीनंतर पुन्हा घ्यावा लागतो आणि त्या वेळी तो घ्यायला तू सगळ्यात नालायक माणूस असतोस. म्हणून आज, धडधाकट असताना, एका कागदावर लिही: कोणत्या परिस्थितीत मी खेळणार नाही, आणि त्या वेळी माझ्याऐवजी कोणाचं ऐकणार. माझं नाव घाल किंवा दुसऱ्या कुणाचं घाल, पण ते संघाच्या पगारावर नसलेलं माणूस असू दे. संघाचे डॉक्टर-फिजिओ वाईट नसतात, मीही कधीकाळी एका संघासोबत काम केलंय. पण पगार देणारा रोज विचारतो, ‘कधी उभा राहतोय?’ आणि त्याचं ओझं येतंच. कागदाची एक प्रत दादाकडे दे, एक मला.

सुईचंही त्याच कागदावर लिही. सामन्याआधी दुखरी जागा बधिर करून खेळायचं नाही. दुखणं तिथं काहीतरी सांगत असतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात घेणं २०२२पासून उत्तेजकविरोधी नियमांतही बसत नाही, उत्तेजकविरोधी संस्थेनं, नाडानं, पकडलं तर बंदी तुझ्यावर येईल. जिममधल्या ओळखीच्या पोरानं दिलेली पावडरसुद्धा नको. वजनात बसायला आदल्या दिवशी पाणी तोडायचं नाही.

आता कराराचं. इंग्रजी आहे म्हणून शेवटच्या पानावर सही करून मोकळा होऊ नकोस. पहिल्याच सामन्यात जायबंदी झालास तर पूर्ण रक्कम मिळते की खेळलेल्या सामन्यांपुरती? ऑपरेशनचा खर्च कोण देतं? नंतरचे व्यायाम हंगाम संपेपर्यंतच की बरा होईपर्यंत? हंगाम तीनेक महिन्यांत संपतो आणि गुडघ्याला नऊ लागतात, म्हणजे मधले सहा महिने कुणाच्या डोक्यावर, हे लिखित असायला हवं. तोंडी ‘काळजी करू नको’ला काही अर्थ नाही. स्वतःची अपघात पॉलिसी काढ, पण काढण्याआधी विचार, कारण अनेक पॉलिसींमध्ये व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते. संघ सुरुवातीला एमआरआय करेल, त्याची प्रत आणि सीडी मागून घे. तो तुझा गुडघा आहे, त्याचे कागद तुझ्याकडे हवेत.

पैशाबद्दल तुला आवडणार नाही असं सांगते. ९ लाखांतून टीडीएस जाईल, एजंट ठेवला असशील तर त्याचे जातील. राहिलेल्यातून पहिले अडीच लाख बाजूला काढ आणि त्याला हात लावू नकोस. ते तुझं ऑपरेशन आणि एक बसून काढायचं वर्ष आहे. मग सोसायटी. ताईच्या लग्नाचं दादा आणि मी बघू, ते ओझं तुझ्या गुडघ्यावर नको, कारण ज्याच्या डोक्यावर लग्नाची तारीख असते तो दुखत असताना खेळतो. बुलेट या वर्षी नाही. आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडायचं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रं वेळेवर पडताळून घ्यावी लागतात आणि बऱ्याच पदांना पदवीही लागते. तुझ्या आईचं पोलीस भरतीचं म्हणणं टाकाऊ नाही. लीग खेळताखेळताही ती वाट चालू ठेवता येते.

थांबण्याबद्दलही आत्ताच बोलूया. ख्रिस बोरलंड नावाच्या अमेरिकी फुटबॉलपटूनं २०१५ साली, चोविसाव्या वर्षी, एकच यशस्वी हंगाम खेळून निवृत्ती घेतली. खेळता येणार नाही असं त्याला काही झालं नव्हतं. डोक्याच्या दुखापतींबद्दल वाचून, माणसांशी बोलून त्यानं ठरवलं की एवढी किंमत मला द्यायची नाही. त्याच्यावर टीकाही झाली. तू त्याच्यासारखंच कर असं मी म्हणत नाही. पण तू कधीही, कोणत्याही हंगामात, ‘बस झालं’ म्हणून घरी आलास तर या घरात कुणी तुला घाबरट म्हणणार नाही. दादाही नाही, मी त्याच्याशी तसं बोलून ठेवलंय. गावातल्या पारावर काय बोलतील ते बोलू देत, त्यांना गुडघा वाकवायचा नसतो.

करार मिळाला की सगळी पानं व्हॉट्सॲपवर पाठव, शेवटचं पानच नको. इथं एक वकील ओळखीचे आहेत, त्यांना दाखवते. सही त्यानंतर. शिबिराआधी दोन दिवस काढून दादासोबत पुण्याला ये. तुझे दोन्ही गुडघे, खांदे आणि घोटे मी स्वतः तपासून मापं लिहून ठेवीन, आणि त्या डाव्या घोट्याचा एक्स-रे काढू. मागच्या उन्हाळ्यात मुरगळला तेव्हा तू दाखवला नव्हतास, आजही तू त्या पायावर कमी भार टाकतोस. येताना तो कागद लिहूनच आण. तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव, फवारणीचा भाग दादासमोर वाच.

तुझी,
आत्या